धबधब्याच्या सहलीची आंखणी

पावसाळा सरत आला कीं वरच्या वर्गांतील मुलें आमच्याभोंवतीं जमतात आणि "सर, यंदा आम्हांला धबधब्याला न्या" असा लकडा लावतात. ही मागणी आम्हांस मनापासून आवडते. रानांतील एका दिवसांत भूगोलाचे जे धडे मिळतात, ते नकाशावर बोट ठेवून मिळत नाहींत. परंतु सहलीची तयारी म्हणजे डब्यांत काय न्यावें याची चर्चा, अशी पुष्कळांची समजूत असते. आमच्या मतें परत केव्हां फिरावयाचें हें घरीं बसून ठरविणें, हीच सहलीची खरी तयारी होय.

हें शहाणपण आम्हांस पुस्तकांतून मिळालेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही तीस मुलें घेऊन एका धबधब्यास गेलों होतों. निघण्यास दीड तास उशीर झाला. धबधब्यापाशीं पोंचेपर्यंत दुपारचे दोन वाजले. मुलांनीं "आणखी थोडा वेळ" म्हणून गळ घातली व आम्हीं ती मानली. परततांना एका मुलाचा पाय मुरगळला. त्याला आळीपाळीनें खांद्याचा आधार देत चालतांना रानांतच काळोख पडला. तीस जणांत विजेऱ्या दोनच होत्या. मोबाइल लागत नव्हता, म्हणून निरोपहि धाडतां आला नाहीं. शाळेच्या फाटकाशीं आलों तेव्हां रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि सारे पालक रस्त्यावर उभे होते. कोणी एक शब्दहि बोललें नाहीं. त्या मुलाच्या आईनें त्याच्या पायाकडे पाहिलें, मग आमच्याकडे पाहिलें. दोष मुलांचा नव्हता, वाटेचाहि नव्हता; हातांत घड्याळ असून तें न पाहणाऱ्या आमचा होता.

उदाहरणादाखल देवकुंड घेऊं. रायगड जिल्ह्याच्या माणगांव तालुक्यांत, ताम्हिणी घाटाच्या पायथ्याकडे भिरा हें गांव आहे. मुळशी धरणाचें पाणी सह्याद्रीवरून खालीं आणून वीज निर्माण करणारें केंद्र येथें १९२७ सालीं सुरू झालें. भिऱ्याच्या जलाशयाच्या कांठानें निघून, पुढें दाट रानांतून, ओढे ओलांडीत सुमारें सहा किलोमीटर चाललें म्हणजे उंच कड्यांनीं वेढलेल्या कुंडापाशीं आपण येतों. चढ बेताचा असल्यामुळें ही वाट नवख्यांसहि जमते. मात्र शेवटचा टप्पा मोठमोठ्या धोंड्यांवरून जातो.

पहिला प्रश्न, केव्हां जावें? भर पावसांत जाऊं नये. सह्याद्रीचा खडक काळा व कठीण, उतार उभे, आणि माथ्यावर मातीचा थर पातळ. त्यामुळें वर पडलेली सर जमिनींत मुरण्यापूर्वींच ओढ्यांतून खालीं धांवत येते. कुंडापाशीं ऊन पडलेलें असतांहि वरच्या पावसानें कांहीं मिनिटांत लोंढा येऊं शकतो. ३० जून २०२४ रोजीं लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळील धबधब्यांत उभें असलेलें एक कुटुंब असेंच एकाएकीं वाढलेल्या पाण्यांत सांपडलें. त्यांतील पांच जण वाहून गेले. बहुतेक लहान मुलें होतीं. देवकुंडास पावसाळ्यांत जाण्यास प्रशासनानें अलीकडे वेळोवेळीं बंदी घातली, ती उगीच नव्हे. शाळेच्या सहलीस नोव्हेंबर महिना चांगला. त्या वेळीं ओढे उतरलेले असतात, धबधब्यास पाणी असतें आणि ऊन सोसतें. तरीहि पाणी अचानक गढूळ झालें, पालापाचोळा वाहूं लागला किंवा आवाज वाढला, तर तत्काळ उंच जागीं जावें. वाढत्या ओढ्यांत पाय घालूं नये. तो ओसरेपर्यंत थांबावें.

दुसरा प्रश्न वेळेचा. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक नियम दिला. दर पांच किलोमीटरांस सुमारें एक तास, शिवाय दर सहाशें मीटर चढास आणखी एक तास, असा त्याचा आशय आहे. या हिशेबानें सहा किलोमीटरांस एक तास बारा मिनिटें लागतील. तीनशें मीटर चढ धरला तरी आणखी अर्धा तासच. परंतु हा नियम सरावलेल्या माणसाचा आहे. तीस मुलांस अडीच ते तीन तास लागतात, कारण टोळीचा वेग म्हणजे तिच्यांतील सर्वांत सावकाश चालणाऱ्याचा वेग.

आतां उलट बाजूनें हिशेब मांडूं. नोव्हेंबरांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणून साडेतीनला भिऱ्यास परत पोंचावें. परतीस तीन तास धरले तर साडेबाराला कुंड सोडलें पाहिजे. दीड तासाचा विसावा हवा असेल तर अकराला तेथें पोंचावें, म्हणजे आठला भिऱ्याहून चालूं लागावें, आणि त्यासाठीं पुण्याहून पहाटे पांचला निघावें. साडेअकरापर्यंत कुंड गांठलें नाहीं, तर असूं तेथून परत फिरावें, मग धबधब्याचा आवाज कानांवर येत असला तरी. साडेतीन ते सहा हे अडीच तास रिकामे नव्हेत. ते मुरगळलेल्या पायासाठीं राखून ठेवलेले आहेत.

सामान थोडें, पण नेमकें असावें. प्रत्येकाजवळ दोन ते तीन लिटर पाणी, पोळीभाजी, गूळशेंगदाणे, खांचेदार तळव्यांचे बूट, अंगभर कपडे आणि स्वतःची विजेरी. पुढें भिऱ्याचा वाटाड्या व सर्वांत मागें शिक्षक चालावा. प्रत्येक ओढा ओलांडल्यावर डोकीं मोजावींत. कड्याखालीं जाळ किंवा धूर करूं नये. आग्या मोहोळ उठलें तर पळण्यास जागा नसते. साप चावल्यास जखम कापूं नये, चोखूं नये, आवळून बांधूं नये. मुलाला धीर द्यावा, तो अवयव हलूं देऊं नये, त्याला उचलून न्यावें आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी.

कुंडांत पोहण्यास मात्र आमची सक्त मनाई असते. पुष्कळ मुलांस ती जाचक वाटते, म्हणून कारण सांगतों. कुंडाची खोली वरून कळत नाहीं, पाणी थंड असतें, आणि कोसळत्या धारेखालीं हवेचे असंख्य बुडबुडे मिसळल्यामुळें तें हलकें होऊन माणसाला नेहमींसारखें तोलून धरीत नाहीं. पट्टीचा पोहणाराहि तेथें फसतो.

पालकांस एकच विनंति. मुलांचीं नांवें, वाट व परतीची वेळ लिहिलेला कागद आम्ही घरोघरीं देतों. तो जपून ठेवावा. भिऱ्यास पोंचतांच आम्ही शाळेंत कळवितों. पांच वाजेपर्यंत निरोप न आल्यास शाळा भिऱ्यास चौकशी करील. आणि मुलगा घरीं आला म्हणजे "धबधबा पाहिलास का?" असें विचारण्यापूर्वीं "ठरल्या वेळीं फिरलांत का?" असें विचारावें.

गेल्या वर्षीं आमची टोळी साडेअकरा वाजतां, कुंड न पाहतां, अलीकडच्या ओढ्यावरून परत फिरली. मुलें हिरमुसलीं, एक दोघें तर आमच्याशीं वाटभर बोललीं नाहींत. संध्याकाळीं फाटकाशीं पालक गप्पा मारीत उभे होते. यंदा नोव्हेंबरांत आम्ही पुन्हां जाणार आहों, पहाटे ठीक पांच वाजतां. ज्यांस यावयाचें असेल त्यांनीं विजेरी विसरूं नये.