कट हुकूम कशाचा करायचा?
मेंढीकोट आपण सगळेच खेळलोय. चौघांना 13-13 पानं. तीन मेंढ्या, म्हणजे दहाची पानं, ज्या जोडीकडे, ती जिंकली.

समजा, उतारी इस्पिकची आली आणि तुमच्याकडे इस्पिकच नाही. आता तुम्ही टाकाल तो रंग हुकूम. हातात बदामचे एक्का-राजा दोनच, चौकटची बारीक पाच. बरेच जण बदाम टाकतात. मी म्हणतो, चौकट टाका. एक्का बहुधा तसाही हात घेतो. बारीक पानांना मात्र हुकूम झाल्यावरच किंमत येते आणि पुढं कापायला अजून चार उरतात.

भांडवलाचंही तसंच. शोकेसमधल्या एकाच महागड्या वस्तूत पैसे अडकवू नका. निरगुडसरसारख्या गावात रोज खपेल तो माल आधी भरा. पुन्हा पुन्हा फिरतो, तोच पैसा तुमचा हुकूम.