थिंग्ज यूआरएल स्कीम
थिंग्ज यूआरएल स्कीम ही ॲपलच्या उपकरणांवर चालणाऱ्या 'थिंग्ज' या कार्यव्यवस्थापन ॲपला दुव्याद्वारे आज्ञा देण्याची सुविधा आहे. श्टुटगार्ट (जर्मनी) येथील कल्चर्ड कोड या कंपनीने ती २०१८ मध्ये आवृत्ती ३.४ सोबत उपलब्ध केली.

'अ‍ॅड-प्रोजेक्ट' आज्ञेच्या दुव्यात प्रकल्पाचे शीर्षक, टीप, अंतिम मुदत व कामांची यादी नमूद केलेली असते. दुवा उघडताच संपूर्ण प्रकल्प तयार होतो. प्रवासाची तयारी किंवा मासिक हिशेब अशा वारंवार कराव्या लागणाऱ्या कामांसाठी एकच साचा पुनःपुन्हा वापरता येत असल्याने एखादी पायरी नजरचुकीने राहून जाण्याची शक्यता कमी होते. उपशीर्षके असलेले गुंतागुंतीचे प्रकल्प जेसन स्वरूपात देता येतात. अस्तित्वात असलेल्या नोंदी बदलण्यासाठी मात्र वापरकर्त्याचे गुप्त टोकन आवश्यक असते. त्यामुळे अनोळखी दुव्यामुळे जुनी माहिती बदलली जात नाही.