मारत नाही ना, मग काय झालं?

"तुला काय कळतंय? गप्प बस!" मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या घरात दिवसातून किती वेळा ऐकू येतं, एकदा मोजून बघा.

आमच्या बचत गटातली एक वहिनी आहे. नवरा हात उचलत नाही, पण तोंडाचा पट्टा सतत चालू. माहेरचा उद्धार, दिसण्यावरून टोमणे. "मारत नाही ना, मग सोस थोडं," असं तिला सगळ्याच सांगायच्या. समाजकार्य करणारी मीही एकदा तेच म्हणाले. पुढे एकदा तिच्या घरी गेले तर ती सहावीतल्या लेकीवर ओरडत होती, "बिनडोक कुठली! तुझ्याच्यानं काही होणार नाही." शब्द नवऱ्याचे, सूरही त्याचाच. मी चपापलेच. आदल्या रात्री सासूबाई भाजीवरून बोलल्या, तो राग मीही माझ्या मुलावरच काढला होता की!

मला वाटायचं, जो स्वतःला कमी समजतो तोच दुसऱ्याला घालूनपाडून बोलतो. पण हे गणित एवढं सोपं नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली वेगळंच मांडलं. स्वतःला फार मोठं समजणाऱ्याच्या अहंकाराला धक्का लागला, की तो चवताळतो. पुढे २००५ मध्ये ब्रेंट डोनेलन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात कमी आत्मसन्मानाचाही आक्रमकपणाशी संबंध दिसला. मला दोन्ही पटतं. वहिनीचा नवरा पहिल्या प्रकारातला, तर रोज ऐकून ऐकून खचलेली वहिनी दुसऱ्या. अहंकार वेगळा, आत्मसन्मान वेगळा. ज्याला स्वतःची खरी किंमत कळते, त्याला कुणी चूक दाखवली तर दुसऱ्याला खाली ओढावं लागत नाही.

आणि "मारत नाही ना" हे कायद्यालाही मान्य नाही बरं का! कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. अपमान करणं, शिवीगाळ, मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून हिणवणं, हा सगळा त्यात छळच धरला आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. १८१ या महिला हेल्पलाइनवरही मदत मागता येते.

मी वहिनीकडे पुन्हा गेले. "सोस म्हणाले ते चुकलं माझं," असं सांगितलं आणि कायद्याची माहिती दिली. तक्रार करायची की नाही, ते तिनं अजून ठरवलेलं नाही. तो निर्णय तिचाच. पण लेकीपुरतं आम्ही दोघींनी एक ठरवलंय. दोष कामाला द्यायचा, माणसाला नाही. "गणित चुकलंय, परत कर," एवढंच म्हणायचं. "तू बिनडोक" हे नाही.

परवा वहिनी सांगत होती, "ताई, पोरगी आता चुकलेलं गणित लपवत नाही, आपणहून वही घेऊन येते."