लाकूड चिरताना बोटं सांभाळा! कटर टेबलवर उभा काप घेण्याची सुरक्षित पद्धत

लिंबायत (सुरत) : नंदुरबार, धुळे, जळगावकडून पोटासाठी सुरतला गेलेली मंडळी फक्त लूमवर आणि कापड मार्केटात नाहीत. लिंबायत, उधना, डिंडोली भागात फर्निचरच्या कामावरही आपल्याकडचे कारागीर आहेत. बऱ्याच छोट्या वर्कशॉपमध्ये कंपनीचं टेबल सॉ नसतं. प्लायच्या टेबलाखाली हातातलं कटर मशीन उलटं बसवून काम भागवलं जातं. काम होतं, पण मशीनचं झाकण तारेने बांधून ठेवलेलं असतं. धोका तिथेच सुरू होतो.

लाकूड मागे का फेकलं जातं?

रेषांना आडवं लाकूड तोडणं वेगळं आणि लांबीने चिरणं वेगळं. चिरताना फळी बराच वेळ ब्लेडला लागून सरकते. ब्लेडचे पुढचे दात लाकूड खाली दाबतात, मागचे दात मात्र वर उचलतात. लाकूड ओलं असलं किंवा त्यात ताण असला तर चीर मागून मिटते आणि ब्लेडला आवळते. मग मागचे दात फळी उचलून थेट कारागिराच्या अंगावर फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. 10 इंची ब्लेड मिनिटाला 4000 फेऱ्यांनी फिरत असेल, तर दातांचा वेग ताशी 190 किलोमीटरच्या आसपास जातो. फळी उडाली की तिच्यावरचा हात झटक्यात ब्लेडकडे ओढला जातो. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही.

उपाय जुनाच, पाचरीचा

हातकरवतीने ओंडका चिरताना चिरेत पाचर ठोकायची पद्धत जुनी आहे. टेबल सॉवर तेच काम ब्लेडमागची पातळ पोलादी पट्टी करते. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ही पट्टी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा थोडी जाड, पण चिरेपेक्षा पातळ असावी लागते. मशीनसोबत आली असेल तर काढून ठेवू नका. घरगुती टेबलावर ती नसेल, तर ब्लेडच्या मागे, अगदी त्याच रेषेत, तेवढ्याच जाडीची पक्की पट्टी बसवून घ्या. लांब फळीची चीर मिटताना दिसली तर मशीन बंद करा, ब्लेड पूर्ण थांबू द्या आणि मगच पाचर घाला.

मशीन सुरू करण्याआधी

- गाईडपट्टी (फेन्स) ब्लेडला समांतर हवी. मागच्या बाजूला ती ब्लेडकडे झुकलेली असेल तर लाकूड अडकणारच.
- गाईडला लागणारी कड रंधा मारून सरळ करा. वाकडी किंवा डुलणारी फळी चिरू नका. गाईडशिवाय नुसत्या हाताने तर कधीच नाही.
- ब्लेड फळीच्या वर साधारण पाव इंचच ठेवा.
- चिरण्यासाठी कमी दातांचं, 24 दातांच्या आसपासचं धारदार ब्लेड वापरा. बोथट ब्लेडवर जोर लावावा लागतो आणि जोर लावताना हात घसरतो.
- खिळे, गाठी, भेगा तपासा.
- हातमोजे, गळ्यातला गमछा, मनगटातला दोरा नको. चष्मा मात्र हवाच.

चिरताना

ब्लेडच्या सरळ रेषेत उभं राहू नका, थोडं बाजूला राहा. गाईड आणि ब्लेडमधलं अंतर 6 इंचांपेक्षा कमी असेल तर हाताऐवजी ढकलकाठी वापरा. 12 एमएम प्लायच्या तुकड्याला खाच पाडली की ती तयार होते, खर्च शून्य. गाईड आणि ब्लेडमधला तुकडा ब्लेडच्या पार पुढे जाईपर्यंत ढकलत राहा. फळी अर्ध्यातून मागे ओढू नका. समोरच्या मदतनीसाने फळी फक्त तोलून धरायची, खेचायची नाही. पडलेले तुकडे ब्लेड थांबल्यावरच उचला.

लाईट गेली की आधी मशीनचं बटण बंद करा, नाहीतर लाईट आल्यावर ते आपोआप सुरू होईल. ब्लेड बदलताना प्लग काढलेलाच हवा.

बोट तुटलंच तर

जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात वर धरा आणि 108 ला फोन करा. तुटलेलं बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिक पिशवीत बंद करा. ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फात टाकू नका. लिंबायतच्या जवळ महापालिकेचं स्मीमेर हॉस्पिटल आहे.

1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 21 ने धोकादायक यंत्रभागांना आवरण घालण्याची जबाबदारी मालकांवर टाकली होती. 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या तक्त्यात अख्खा अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के, तर्जनी गेली तर 14 टक्के घटली असं धरलं होतं. कागदावर आकडा 14 असला तरी तर्जनी नसलेल्या सुताराला रंधाही नीट धरता येत नाही. गावाकडचं घर ज्याच्या हातावर चालतं, त्याने ती तार आजच सोडावी आणि झाकण जागेवर आणावं.