ठासा, थांबा, मग बार!

मंडळी, काळेवाडी फाट्यावरून वाकडमार्गे मुळा ओलांडली की बालेवाडीचं क्रीडासंकुल लागतं. तिथल्या शूटिंग रेंजमुळे आपल्या हॉस्टेलवर अधूनमधून नेमबाजीचा ताप चढतो. 2024 साली स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलचं ब्राँझ जिंकलं, तेव्हा आमच्या विंगमधले झाडूसुद्धा खांद्याला लागले होते! मी मात्र आज सांगणार आहे या रायफलच्या पणजीबद्दल, म्हणजे ठासणीच्या बंदुकीबद्दल.

मी कुडाळकडचा. रानडुकरं भातात घुसतात म्हणून आजोबांकडे लायसनची ठासणीची होती. तिला काडतूस नसतं. नळीच्या तोंडातून दारू ओतायची (हॉस्टेलकरांनो, ही दारू वेगळी! 75 भाग सोरा, 15 कोळसा, 10 गंधक), वर गोळी, आणि गजाने ठासायची. शेवटी घोड्याखाली टोपी.

कोकणात ही बंदूक राखणीची. परदेशात मात्र तिचा चक्क खेळ आहे. एमएलएआयसी ही आंतरराष्ट्रीय संघटना 1971 साली स्थापन झाली. तिच्या स्पर्धेत 30 मिनिटांत 13 बार काढायचे, त्यातले उत्तम 10 धरतात. तोड्याच्या बंदुकीलाही वेगळा गट आहे!

यात मजा काय? मजा अशी, की प्रत्येक बार तुम्ही स्वतः ‘मॅन्युफॅक्चर’ करता. दारू मापानेच घ्यायची, गोळीभोवती तेलकट कापडाची चकती तेवढ्याच जाडीची, ठासणीचा जोरही तोच. रायफलच्या नळीत मळसूत्री खाचा असतात. कापड त्या खाचांत पकड घेतं आणि गोळी गिरक्या घेत सरळ जाते. एकात जरी फरक पडला, तरी टार्गेटवर लगेच दिसतो. आपल्या वर्कशॉपमधलं टॉलरन्स म्हणतात ते हेच की! चकमकीच्या बंदुकीत तर चाप ओढल्यावर बार उडायला क्षणभर जास्तच लागतो. तेवढा वेळ हलायचं नाही. धूर विरेपर्यंत नेम कळतही नाही.

पण घाईला इथे माफी नाही. आजोबांनी गजावर दोन खुणा केल्या होत्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेलीची. मी आठवीत असताना एका संध्याकाळी त्यांनी सवयीने आधी गज आत सोडला. तो चार बोटं वरच राहिला! आदल्या रात्रीचा बार तसाच आत होता. खूण पाहिली नसती, तर त्यावर दुसरा ठासला गेला असता आणि नळी कदाचित त्यांच्या तोंडावर फुटली असती. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

हे फक्त म्हातारपणाचं विसरणं नव्हे. अमेरिकेत 1863 साली गेटिसबर्गच्या लढाईनंतर गोळा केलेल्या बंदुकांपैकी सुमारे 24 हजार भरलेल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांत दोन-दोन बार होते, अशी नोंद आहे. गोळी दारूला टेकली नाही, मध्ये पोकळी राहिली, तरीही धोका असतोच.

बार झाल्यावर काम संपत नाही. जळलेल्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग घन राहतो, दमट हवेत नळीला गंज धरतो. म्हणून त्याच दिवशी गरम पाण्याने धुणं, पुसणं, तेल.

तर मित्रांनो, लायसनशिवाय अशा बंदुकीला हात लावू नका. नेमबाजीची हौस असेल तर रेंजवर प्रशिक्षकाकडे जा. आणि लॅबमध्ये स्विच दाबण्याआधी, आजोबांसारखा एकदा गज आत सोडून बघा!