गुलाब, चॉकलेट आणि मधमाशी

१४ फेब्रुवारीच्या भेटींत गुलाबाचा मान पहिला. पण मावळातल्या पॉलिहाउसमधून परदेशी जाणारा लांब दांड्याचा गुलाब मधमाशीचं काहीच देणं लागत नाही. त्याची रोपं डोळा भरून तयार होतात. चॉकलेट ज्यापासून बनतं त्या कोकोची फुलंही मुख्यतः चिलटांएवढ्या माश्या फळवतात. मधमाशीची करामत आहे ती चॉकलेटमधल्या बदामात. जगातले सुमारे ८० टक्के बदाम कॅलिफोर्नियात पिकतात आणि तिथला बहर फेब्रुवारीच्या मध्यावरच येतो. त्यासाठी अमेरिकेतल्या बहुतांश व्यावसायिक मधपेट्या ट्रकांवर लादून तिथे नेतात. या गर्दीत रोग आणि परजीवी कोळी पसरतात. ही किंमत मला फार मोठी वाटते.

आता महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हातात घ्या. तिच्या अंगावरचे पिवळे ठिपके बिया वाटतात, पण त्यातला प्रत्येक ठिपका हे एक स्वतंत्र फळ असतं. पराग मिळून ते धरलं, की ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि भोवतीचा गर फुगतो. जिथे पराग पोचला नाही, तिथे गर खुरटतो आणि स्ट्रॉबेरी वाकडी होते. वाऱ्यानेही थोडं काम भागतं. पण फुलावर फिरणारी मधमाशी जास्त ठिपक्यांपर्यंत पराग पोचवते. म्हणून शेताच्या बांधावर मधपेट्या ठेवल्या, की बाजारात भाव मिळवणारी भरदार, सुबक फळं जास्त निघतात.