दीड जीबीत चार तास

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सुरतेतली महाविद्यालयं मोबाइलवर आली. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाची मुलं काही फक्त शहरातली नसतात. डांग, तापी, वलसाडपर्यंतची असतात. शिवाय उधना-लिंबायतची खानदेशी पोरं, ज्यांचं गाव धुळे-नंदुरबारकडे. अशा वर्गाला ऑनलाइन शिकवायचं तर सुरुवात अभ्यासक्रमापासून नाही, डेटाच्या हिशेबापासून करावी लागते.

थेट तासाचा व्हिडिओ सेकंदाला १ मेगाबिट खातो असं धरा. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे तासाला ४५० एमबी. दिवसाला १.५ जीबीचा पॅक असेल, तर चौथ्या तासाच्या विसाव्या मिनिटाला तो संपतो. मग मुलगा ‘गायब’ झाला म्हणून आपण त्याला आळशी ठरवतो! नुसता आवाज मात्र ३२ किलोबिटांतही स्वच्छ ऐकू येतो. त्याला तासाला १५ एमबीसुद्धा लागत नाहीत.

दुसरी अडचण वेगळी. डेटा छोट्या छोट्या पाकिटांत येतो. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ बघताना फोन पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो आणि वाटेत हरवलेलं पाकीट पुन्हा मागवतो. थेट संवादात एवढी उसंत नसते. उशिरा आलेलं पाकीट फेकून दिलं जातं आणि सरांचं वाक्य तुटक ऐकू येतं. म्हणून समजावून सांगण्याचा भाग रेकॉर्ड करावा आणि थेट वेळ शंकांसाठी राखावा, कॅमेरे बंद ठेवून.

रेकॉर्डिंग किती लांब? एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा मिनिटांनंतर प्रेक्षक गळायला लागलेले दिसले. नुसत्या स्लाइडपेक्षा हाताने आकृती काढत शिकवलेलं जास्त बघितलं गेलं, हेही त्यात दिसलं. फळा-खडूवाल्या शिक्षकांना यात दिलासा आहे. फोन डब्यांच्या चळतीवर आडवा ठेवायचा, खाली वही, झालं.

सुरतेला साजेसं उदाहरण वस्त्र तंत्रज्ञानातलं घेऊ. दोनास एक (दोन घरं भरलेली, एक रिकामं) ट्विल विणीचा आराखडा चौकटींच्या कागदावर काढतात. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर असेल तिथं घर भरायचं. प्रत्येक ओळीत भरलेली घरं एक घर सरकतात, म्हणून कापडावर तिरकी रेघ उमटते. शिक्षकाने तिसऱ्या ओळीवर व्हिडिओ थांबवावा आणि सांगावं: चौथी तुम्ही भरा, फोटो पाठवा. ही वीण तीन ओळींत पुरी होते, त्यामुळे चौथी हुबेहूब पहिलीसारखी यायला हवी. कुणी सरकवताना चुकून भलतंच काही भरतं, कुणाची रेघ उलट्या दिशेला जाते. थेट तासाला हेच चुकीचे फोटो, नावं झाकून, समोर ठेवायचे आणि कुठं बिनसलं ते मुलांनाच शोधायला लावायचं. वीस मिनिटं पुरतात. मागावर धाग्याचा ताण बोटांनी ओळखणं मात्र कुठल्याच व्हिडिओतून येत नाही. ते सरळ प्रयोगशाळेसाठी बाजूला ठेवलेलं बरं.

२०२० साली सगळी चर्चा अंतिम वर्षाच्या परीक्षेभोवती फिरली. यूजीसीने ती सक्तीची केली, २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. माझ्या मते खरी गफलत हजेरीत होती. लॉगिन मोजण्याऐवजी आलेले फोटो मोजावेत. चौथी ओळ रात्री अकरा वाजता, नवा पॅक मारल्यावर आली, तरी ती हजेरीच.